घाटापलीकडचा वीतभर बर्फ

५ जानेवारी १९४९, रहिमतपूर

सातवीला पहिली आले म्हणून वाईच्या शाळेने ही वही दिली होती. मामाकडून परत आल्यापासून दोन वर्षं ती ट्रंकेत पडून होती. आजपासून तिच्यात लिहिणार आहे. आमच्या घरात बोलणारी माणसं पुष्कळ, पण माझं ऐकून घ्यायला कुणाला सवड नाही.

काश्मीरची लढाई एक तारखेला थांबली म्हणे. ती बातमी आणि एक पत्र घेऊन आज अंबूबाई आल्या. या माझ्या होणाऱ्या सासूबाई. कोसभरावरच्या वाडीत राहतात. त्यांचा मानसिंग फौजेत खेचरांच्या कंपनीत नाईक आहे. दिवाळीत आमची सुपारी फुटली तेव्हा तो हजर नव्हता. मी त्याला एकदाच पाहिलं आहे, गेल्या फाल्गुनात, त्याचे वडील गेले तेव्हा दिवसांसाठी तो रजेवर आला होता तेव्हा. तेही बैलगाडीच्या मागून. कान मोठे आहेत, एवढंच लक्षात राहिलं.

अंबूबाईंना अक्षर येत नाही. वाडीचे गुरुजी पत्र वाचून दाखवतात, पण दिवस मावळेपर्यंत ते साऱ्या वाडीला पाठ होतं. म्हणून त्या मुलाची पत्रं पदराखाली लपवून माझ्याकडे आणतात, आणि उत्तरही माझ्याकडूनच लिहून घेतात. मुलाला वाटतं गुरुजींनीच लिहिलं. होणाऱ्या नवऱ्याचं पत्र मुलीने मोठ्याने वाचावं ही कुठली रीत, असं आई चुलीपाशी पुटपुटते. अंबूबाईंसमोर बोलायची तिची छाती नाही.

पत्र डिसेंबरातलं होतं. त्यात लिहिलं होतं की उद्या लढाई थांबली तरी खाली उतरायचा घाट बर्फाने बंद आहे, तो ज्येष्ठाआधी उघडायचा नाही, तेव्हा लग्न पुढे ढकला. आम्ही घाटाच्या पलीकडे आहोत, इथे वीतभर बर्फ आहे. बरोबर सिद्धू म्हणून कवठे महांकाळचा धनगर गडी आहे, त्याच्याशी बोलताना दिवस जातो.

"फुडं ढकला म्हनं," अंबूबाई म्हणाल्या. "कुटं ढकलू? फाल्गुनात ह्यांचं वर्साचं हाय. घरातला कर्ता गेला की लगीन वर्साच्या आत, न्हाईतर तीन वर्सं न्हाई. तीन वर्सं कोन थांबतंय?"

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मीच थांबत नव्हते.

८ जानेवारी

आज दादांनी मला ओसरीवर बोलावलं. दादा म्हणजे माझे वडील, नाथाजी. ऊस आणि बैल सोडून ते माझ्याशी कशावरच बोलत नाहीत, पण आज म्हणाले, "मनू, तुज्या त्या भूगोलात बरफाचं काय दिलंय?"

मला काय, तेवढंच हवं होतं. मी रांगोळी आणून जमिनीवर डोंगर काढला. म्हटलं, दादा, महाबळेश्वरला अडीचशे इंच पाऊस पडतो, खाली वाईला तीस, आणि रंगूमावशीच्या कवठे महांकाळला वीससुद्धा नाही. का? तर ढग डोंगराला अडतो, अलीकडे सगळा ओततो आणि पलीकडे रिकामा जातो. बर्फही ढगातूनच येतो. मानसिंग घाटाच्या पलीकडे आहे, म्हणजे कवठे महांकाळच्या बाजूला. त्याने स्वतःच वीतभर लिहिलं आहे. वीतभर बर्फ संक्रांतीनंतरच्या उन्हात किती दिवस टिकेल?

दादांनी डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. अंबूबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. "पोरीच्या डोस्क्यात उजेड हाय," दादा म्हणाले. एवढं कौतुक मला पहिली आले तेव्हाही मिळालं नव्हतं.

माघातली अठरा फेब्रुवारी ठरली.

९ जानेवारी

उत्तर लिहिलं. अंबूबाईंनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहिलं, की तारीख धरली आहे, साहेबाच्या पाया पड, ये. खाली दोन बोटं जागा उरली होती. तिथे मी माझ्या मनाने एक ओळ घातली: "वीतभर बर्फाला भिऊन स्वतःचं लग्न चुकवणारा शिपाई आमच्या मुलखात अजून झालेला नाही."

अंबूबाईंना ती वाचून दाखवली नाही. ओळ चांगली उतरली आहे. त्याला जरा झोंबेल, झोंबू दे. ज्याला यायचंय तो असल्या बोलण्याने येतोच.

१४ जानेवारी

संक्रांत. वाडीहून अंबूबाईंचा तिळगूळ आला. मी कान मोठे असलेल्या माणसाचा विचार करत नाही, हे इथे लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

तार आली. रजा मंजूर, निघालो. इंग्रजीतली तार पोस्टमास्तरांनी अंबूबाईंना तीनदा सांगितली, तरी त्या ती घेऊन माझ्याकडे आल्या. मी तिचा एक शब्द न् शब्द लावला.

म्हणजे माझी ओळ लागली! आईने विचारलं, हसतेस का? मी म्हटलं, भूगोल बरोबर आला.

१६ फेब्रुवारी

आज हळद लागली. आधी नवरदेवाला हळद लावतात आणि त्याची उष्टी हळद नवरीला येते. नवरदेव तर रेल्वेत कुठेतरी असणार, म्हणून वाडीत त्याच्या फेट्यालाच हळद लावली आणि उरलेली वाटी वाजतगाजत आमच्याकडे आणली. बायकांनी हसून माझं डोकं उठवलं. एकजण म्हणाली, फेट्याबरोबरच संसार कर गं, बडबड करायचा नाही.

आता लग्न लागेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, एकटीने बसायचं नाही, हातातला अडकित्ता खाली ठेवायचा नाही. दोनच दिवसांचा प्रश्न आहे.

१८ फेब्रुवारी

आला नाही. दादा पहाटेपासून स्टेशनवर होते. पुण्याकडून आलेली प्रत्येक गाडी पाहून संध्याकाळी परत आले. पाहुणे जेवून उठले. मुहूर्ताच्या वेळी वाजंत्रीवाले उगाच पिपाण्या पुसत बसले होते.

२१ फेब्रुवारी

हळद उतरवायची तर लग्न लागायला हवं, आणि लग्न लागायचं तर नवरा हवा. तोवर मी अशीच, पिवळ्या पातळात, माजघरात. हळद आता वाळून अंगावरून पापुद्र्यासारखी सुटते. परसात जायचं तरी धाकटी चुलती बरोबर. खिडकीत बसले तर आई म्हणते, नजर लागेल. कुणाची लागेल? गल्लीत पाटलाची म्हैस तेवढी उभी असते.

हळद लागलेल्या मुलीला दुसरं घर विचारत नाही. वर्षश्राद्ध नऊ मार्चला आहे. तोवर हा आला नाही तर तीन वर्षं मी ना इकडची ना तिकडची. शेजारणी आता मोठ्याने हसत नाहीत, हळू बोलतात, ते जास्त वाईट.

रागही त्याचाच येतो. तार करायची आणि यायचं नाही, ही कुठली तऱ्हा?

२६ फेब्रुवारी

मी नीट लिहिलं पाहिजे.

दुपारी अंबूबाई पत्र घेऊन आल्या. एकच कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. पहिली बाजू मी मोठ्याने वाचली: "आई, मी खुशाल हाय. घाट वलांडता आला न्हाई. अर्ध्यातनं माघारी आलो. लग्नाला पोचत न्हाई. तू काळजी करू नगंस." अंबूबाईंनी डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात मी पान उलटलं आणि मागची बाजू मनातल्या मनात वाचली. ती इथे उतरवते.

"आई, तू लिवलंस वीतभर बर्फाला भिऊन. हितं वीतभरच पडतो, ते खरं. पर कार्तिकात पडलेला अजून पायाखाली तसाच हाय. ऊन पडतं, त्याला ऊब न्हाई. पडतो थोडा, पर जात न्हाई. आन् खाली यायचं तर घाटातनंच यावं लागतं, तिथं घर बुडंल एवढा हाय. डाक नेणारी मानसं म्हनाली, चार दिस थांबा. मी थांबलो न्हाई. पत्रातली ती वळ खिशात टोचत हुती. सिद्धूची रजा उन्हाळ्यात हुती, त्यानं माज्यासाठी आधी मागून घेतली. म्हनला, चल गड्या, तुला बोहल्यावर चढवून येतो. घाटात दोन रात्री दगडाच्या खोपीत अडकलो. मला झोप लागली तवा त्यानं आपली घोंगडी माज्या पायाला गुंडाळली. सकाळी त्याचं पाय काळं पडलेलं. दोनी पायांची बोटं कापली. मेंढरांमागं चालनारा गडी, आई. त्याच्या घरी मी अजून कळवलं न्हाई, माजी छाती न्हाई. ती वळ तुजी न्हवं, तू अशी बोलत न्हाईस. मास्तरानं मनानं घातली असंल तर त्याला एवढं वाचून दाव."

"आनि काय लिवलंय?" अंबूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "एवढंच आहे, आत्याबाई." कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

का केलं असं? भीती वाटली, दुसरं काही नाही. त्या उठून मला शिव्या देतील, लग्न मोडेल, एवढंच डोक्यात आलं. सिद्धूचा विचार नंतर आला. हे लिहायची मला लाज वाटते.

२७ फेब्रुवारी

पाऊस पडला की वाहून जातो. बर्फ पडला की बसून राहतो. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही, आणि मी रांगोळीने डोंगर काढत बसले. दादांना कौतुक वाटावं म्हणून.

मला वाटत होतं मी अडकून पडले आहे. माझ्या पायांना दहा बोटं आहेत, आज बसून मोजली.

१ मार्च

अंबूबाई रोज येतात. "वाच पोरी परत." मुलाचं पत्र आहे, त्यांचं मन भरत नाही. मी रोज तीच पहिली बाजू वाचते. त्या डोळे माझ्या हाताकडे लावून बसतात. काल मी "खुशाल हाय"च्या जागी "लय खुशाल हाय" म्हणून गेले तर लगेच म्हणाल्या, "काल लय न्हवता." त्यांना अख्खी बाजू पाठ झाली आहे.

दरवेळी वाटतं आता सांगावं. दरवेळी त्या घडी पदराला बांधून उठतात.

४ मार्च

आज ओसरीवर ठरलं. पूर्वी नवरा लढाईवर असला की त्याची तलवार पाटावर ठेवून तिला नवरी माळ घालायची, त्याला खांड्याचं लग्न म्हणत. अंबूबाईंच्या सासऱ्यांची तलवार घरात आहे. परवा, सहा तारखेला, तिच्याशी माझं लग्न.

दादा आत आले. एकटेच आले, हे कधी होत नाही. म्हणाले, "मनू, तुजं मन न्हाई असं असंल तर आत्ताच बोल. मानसं काय म्हंत्याल ते मी बगीन."

एवढं दार उघडून ते उभे होते. मी म्हटलं, "आहे माझं मन." मागची बाजू सांगितली असती तर त्यांचा त्या रांगोळीवरचा विश्वास गेला असता. आणि मन नाही असंही नाही. त्या माणसाने "माझी छाती नाही" असं आईला लिहिलं, ते वाचल्यापासून मला तो फार आपला वाटतो, आणि त्याच माणसाला तोंड दाखवायची मला सोय नाही.

७ मार्च, वाडी

काल लग्न लागलं. पाटावर तलवार, तिच्या मुठीला त्याचा हळदीचा फेटा. अंतरपाट दूर झाला आणि मी माळ घातली तर तलवार कलली. करवलीने सावरली. कुणी हसलं नाही. रात्री वाडीत आले, अंबूबाईंनी माप ओलांडायला लावून आत घेतलं, न्हाऊ घातलं. अठरा दिवसांची हळद गेली, पण अंग मोकळं वाटत नाही.

रंगूमावशी कवठे महांकाळहून लग्नाला आली होती. निघताना सहज म्हणाली, "आमच्या गावच्या दगडाबाईचा सिद्धू तुज्या नवऱ्याच्याच कंपनीत हाय म्हनं. त्यानं पत्र धाडलं हुतं, मी रजेवर येतूया. तिनं मेंढरांवरचा गडी बी सोडला, आता पोरगंच राखंल म्हनून. म्हातारी रोज सडकंला येऊन बसती."

मी तिची गाडी दिसेनाशी होईपर्यंत नुसती हात हलवत राहिले.

१० मार्च

काल मामंजींचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर अंबूबाईंनी मला सगळ्या भावकीपुढे बसवलं आणि म्हणाल्या, "माज्या मानसिंगाचं पत्र वाच. ह्यांच्या म्होरं वाच." मामंजींच्या चांदीच्या टाकापुढे बसून मी वाचलं. आवाज कापला नाही. मला माझीच किळस आली.

माणसं गेली. मी भांडी घासायला उठले तर अंबूबाई म्हणाल्या, बस.

"पोरी, मला अक्षर येत न्हाई. डोळं हायती. रोज बगते, तू ह्या बाजूचं वाचतीस आन् घडी घालतीस. मागल्या बाजूला बी शाई हाय. माज्या पोरानं कागुद उगाच काळा केला न्हाई."

मी म्हटलं, "आत्याबाई, मग तुम्ही इतके दिवस विचारलं का नाही?"

"वाटलं, माजं पोरगं गेलंय आन् मेल्याव कुनीतरी लिवलंय. म्हनून इचारलं न्हाई." त्या शांतपणे बोलत होत्या. "सुतक धरलं असतं तर ह्यांचं वर्साचं ऱ्हायलं असतं. ते झालं. आता वाच. काय आसंल ते आसंल."

बारा दिवस या बाईने मुलगा मेला असं धरून माझ्याकडून तो खुशाल असल्याचं रोज ऐकलं होतं. मी पान उलटलं. सगळं वाचलं, मास्तराचं बोलणंसुद्धा. मग सांगितलं, ती ओळ मास्तरांची नाही, माझी आहे.

पोरगा जिवंत आहे कळल्यावर त्या आधी रडल्या. मग त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता माहेरी धाडतील, आणि धाडलं असतं तर मी गेले असते. शेवटी म्हणाल्या, "त्या सिद्धूच्या आईला ठावं हाय का?"

"नाही. रंगूमावशी म्हणाली, ती रोज सडकेला बसून त्याची वाट बघते."

"मग तिला कोन सांगनार? सरकार कवा सांगंल ते सांगंल. म्हातारी सडकंला बसती म्हनलीस. कागुद घे आन् जा. मी येते संगं, पर वाचायचं तू."

त्याच रात्री मी मानसिंगला माझ्या हाताने, माझ्या नावाने पत्र लिहिलं. ओळ कुणाची ते लिहिलं. माफी मागितली नाही, ती कोणत्या तोंडाने मागायची ते कळेना.

१७ मार्च, कवठे महांकाळ

मिरजेला गाडी बदलून लहान गाडीने काल उतरलो. पाऊस नाही, झाड नाही, नुसती बाभळ आणि माळ. मानसिंगचं बर्फाचं रान असंच असेल, फक्त पांढरं.

आज सकाळी मावशीने आम्हाला दगडाबाईच्या घरी नेलं. ती सडकेवरूनच परत येत होती. मेंढरांच्या मोकळ्या वाड्यापाशी बसून तिने ऐकलं. बोटांपर्यंत सगळं वाचून झालं. मग ती म्हणाली, "ते घोंगडीचं फिरून वाच." मी वाचलं. "आनि एक डाव." तिसऱ्यांदा वाचताना मला अक्षरं दिसेनात, पाठ होतं म्हणून म्हटलं.

"ती घोंगडी मी विनली हुती," ती म्हणाली. "आखूड झाली हुती. दोगांस्नी पुरायची न्हाई."

मग तिने विचारलं, "ती वळ कुनी लिवली?"

मी म्हटलं, "मी."

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हिरव्या बांगड्यांकडे, कपाळाकडे पाहिलं. अंबूबाई काहीतरी बोलायला लागल्या, तिने हाताने थांबवलं आणि उठून आत गेली. आत ती फार वेळ होती. आम्ही तिघी बाहेर उन्हात उभ्या. मला वाटलं, आता ती बाहेर यायचीच नाही, आणि आली तर काय हातात घेऊन येईल ते घ्यायचं.

ती सूप घेऊन आली. त्यात जोंधळे होते आणि कुंकवाची पुडी. तिच्या घरात तांदूळ नसावा, नारळ तर नाहीच. डोळे लाल होते.

"नवी नवरी पयल्यांदा दारात आलीस," ती म्हणाली. "पदर धर."

मी म्हटलं, "नको, आजी. मला नको."

"तुज्यासाटी न्हाई. माज्या घरातनं नवरी रिकामी गेली असं माज्या सिद्धूनं ऐकायला नगं. पदर धर."

मी पदर पुढे केला. तिने मला कुंकू लावलं, पाच वेळा ओंजळीने ओटी भरली. तिचा हात स्थिर होता. खाली सांडलेले जोंधळे मी वेचून पदरात घेतले.

आता मावशीच्या घरी बसून हे लिहिते आहे. पदराची गाठ अजून सोडलेली नाही. मावशी दोनदा म्हणाली, ते जोंधळे इकडे दे, उद्याच्या भाकरीला दळून घेते. मी दिले नाहीत.